बरफमास्तर

आमच्या मेहकरात त्या काळी बर्फ दिसायचा तो फक्त उन्हाळ्यात, आणि तोही लाकडाच्या भुशात लोळून आलेला. खामगावच्या बसच्या टपावरून गोणपाटात गुंडाळलेली लादी उतरायची आणि रसवंतीवाला ती खांद्यावर टाकून पळत सुटायचा. बर्फाशी आमच्या गावाचा संबंध एवढाच. अशा गावात एक माणूस असा होता, की कुठल्या देशाची कोणती तेरा वर्षांची मुलगी बर्फावर घसरत किती गिरक्या घेते, कोणती उडी तिला अजून जमत नाही आणि मागच्या स्पर्धेत ती कितवी आली, हे त्याला तोंडपाठ होतं.

हे आमचे ड्रिलचे सर. त्यांचं खरं नाव मी इथं लिहिलं तरी गावातल्या जुन्या माणसांना ओळख पटायची नाही. गाव त्यांना बरफमास्तर म्हणायचं आणि तेही त्या नावाला बिनतक्रार ओ द्यायचे.

ठेंगणा, काळासावळा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. कडक इस्त्रीची खाकी हाफपँट, खडू चोळून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आणि शिट्टीच्या वर मफलर. लोकरीचा, विटकरी रंगाचा, दोन वेढे घेतलेला. मेहकरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांनाच या मफलरचं महत्त्व कळेल. रस्त्यावरचं डांबर पातळ होऊन चपला चिकटायच्या, आणि मास्तर मफलर सारखा करत म्हणायचे, “गया झाकाचा असते बे. बरफावर जाणाऱ्या मान्सानं पह्यले गया सांभायला पायजे.”

चालताना ते डावा पाय थोडा ओढायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “गुडघ्यात लोखंड हाये.” त्यापुढं बोलायचे नाहीत. मूळचे ते वरवट बकालचे. लहानपणी एका लष्करी साहेबाच्या घरकामाला म्हणून सिमल्याला गेले. तिथं हिवाळ्यात पटांगणभर बर्फ जमवतात आणि त्यावर पोरं घसरतात, एवढं त्यांनीच सांगितलेलं होतं. बाकीचं आम्ही आपल्या मनानं भरलं होतं. मास्तर तरुणपणी बर्फावरचे मोठे खेळाडू होते, कुठल्याशा परदेशी सामन्यात पडले आणि गुडघ्यात लोखंड बसवून घेऊन गावाकडं परतले, याबद्दल शाळेत कुणाच्याच मनात शंका नव्हती.

एसटी स्टँडच्या मागं त्यांची एक खोली होती. लग्न केलं नव्हतं. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक रेडिओ. रेडिओची तार त्यांनी समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत चढवली होती, म्हणजे परदेशी स्टेशनं लागतील. फुटबॉल झाला, टेनिस झालं, घोड्यांच्या शर्यती झाल्या, की सगळ्यात शेवटी, खरखरीत बुडालेलं, अर्ध्या मिनिटाचं काहीतरी बर्फावरच्या स्पर्धेबद्दल यायचं. कधी यायचं, कधी नाही. त्या अर्ध्या मिनिटासाठी मास्तर रेडिओला कान लावून बसलेले असायचे. शिवाय दिल्लीतल्या निरनिराळ्या वकिलातींना ते पोस्टकार्डं टाकायचे. तिकडून वर्षातून दोन-चारदा गुळगुळीत कागदाची मासिकं यायची. त्या दिवशी पोस्टमन त्यांच्याकडं चहा पिऊनच पुढं जायचा.

मोठ्यांच्या स्पर्धेत त्यांना रस नव्हता. त्यांचा जीव अडकला होता तो चौदा-पंधरा वर्षांच्या आतल्या पोरांमध्ये. “मोठे झाले का लोकायकडं पाहून हासाले लागतात,” ते सांगायचे. “लहान पोट्टे आपल्या पायाकडं पाह्यतात.”

परदेशी नावं मात्र त्यांच्या जिभेवर बसत नसत. म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी उरकली होती. सोनेरी वेण्यांची एक मुलगी होती, ती मंदा. दातात फट असलेला एक मुलगा होता, तो प्रल्हाद. आणि एक होती ती प्रत्येक स्पर्धेत चौथीच यायची. तिचं नाव उषा. तिच्यावर मास्तरांची विशेष माया. प्रार्थनेच्या वेळी फळ्यावर सुविचार लिहायची पाळी त्यांच्यावर आली, की सुविचाराच्या जागी लिहिलेलं असायचं, ‘प्रल्हाद दुसरा आला. वय चौदा.’ आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो.

एकदा त्यांनी रजेचा अर्ज दिला. ‘मंदा पडल्यामुळे माझे मन ठिकाणावर नाही. तरी एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी.’ आमचे हेडमास्तर तेव्हा पुण्याकडून नुकतेच बदलून आले होते. फार भला माणूस. त्यांना वाटलं, मास्तरांची भाची असेल. संध्याकाळी संत्री घेऊन ते खोलीवर गेले.

“कशी आहे मंदा?” त्यांनी हळूच विचारलं.

“उठली म्हना,” मास्तर म्हणाले. “पन तिसरी उडी हातची गेली.”

“उडी? पडली तरी कुठं?”

“बरफावर.”

“मेहकरात बर्फ कुठून आला?”

“इथं नाई वो सर. तिकडं, युरोपात.”

हेडमास्तरांनीच एक संत्रं सोललं. दोघांनी मिळून ती सगळी खाल्ली आणि रजा मंजूर झाली. ही हकिगत पुढं हेडमास्तरांनीच वर्षानुवर्षं सांगितली, आणि सांगताना त्यांच्या आवाजात थट्टा नसायची.

माझी मास्तरांशी खरी ओळख झाली ती इतिहासाच्या वहीमुळं. माझे बाबा तहसील कचेरीत कारकून होते. कुठल्या तरी रद्दीतून ते रंगीत परदेशी मासिकं आणायचे आणि आम्ही त्या गुळगुळीत कागदाची कव्हरं वह्या-पुस्तकांना घालायचो. त्या काळी निम्म्या शाळेच्या दप्तरात तसलीच कव्हरं असायची. सातवीत होते मी. मैदानावर दप्तरं ओळीनं ठेवून आम्ही कवायतीला उभे होतो. मास्तर शिट्टी वाजवायची सोडून माझ्या दप्तरापाशी जाऊन उकिडवे बसले.

“हे कोनाची वही हाये?”

मी घाबरत पुढं गेले. “माही, सर.”

कव्हरवर एक मुलगी होती. एका पायावर उभी, दुसरा मागं लांब उचललेला, हात पसरलेले. इतके दिवस ती वही वापरत होते, पण तिच्याकडं नीट पाहिलं नव्हतं.

“उषा हाये हे,” मास्तर म्हणाले. आवाज असा की जणू स्टँडवर अचानक घरचं माणूस भेटलं. मग माझ्याकडं न पाहता त्यांनी विचारलं, “कोनता पाय खाली हाये, सांग.”

“डावा.”

“मंग ते कोनीकडं कलून राह्यली? आत का बाहीर?”

मी वाकून पाहिलं. सारी मुलगी बाहेरच्या बाजूला झुकलेली होती, तरी पडत नव्हती. “बाहीर,” मी म्हणाले.

मास्तरांनी पहिल्यांदा मान वर केली. दुसऱ्या दिवशी वहीला नवं कोरं खाकी कव्हर घालून त्यांनी ती मला परत दिली. घड्या अशा, की दुकानदारालाही जमल्या नसत्या. “रविवारी सकायी जिनात ये,” एवढंच म्हणाले.

जिन म्हणजे गावाबाहेरचा कापसाचा कारखाना. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की तिथं उभं राहायला जागा नसायची. पण उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्याची लांबरुंद सिमेंटची फरशी रिकामी पडून असायची. शेटजींना विचारून मास्तरांनी ती रविवारपुरती मिळवली होती. नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेले चाकांचे स्केट होते. लोखंडी तळ, चार चाकं, बुटावर आवळून बांधायच्या चामड्याच्या पट्ट्या. दोन जोड्या. त्यातल्या एकीची चाकं गावच्या लोहारानं जिनातल्या जुन्या बेअरिंगा घालून पुन्हा बसवली होती आणि ती जोडी चालताना उंदरासारखी चुंचूं करायची. ती माझ्या वाट्याला आली, कारण चांगली जोडी आधीच एका मुलीच्या पायात होती.

तिचं नाव कमल. माझ्याच वर्गातली, मागच्या बाकावरची. तिची आई हंगामात याच जिनात कामाला असायची आणि जिनाच्या मागच्या बौद्धवाड्यात त्यांचं घर होतं. शाळेत कमल तोंड उघडायची नाही. हाक मारली तरी खाली पाहायची. पण चाकांवर उभी राहिली की तिची मान सरळ व्हायची. तिला कुणी शिकवलं असं वाटायचंच नाही. माझ्याकडं पाहिलं की मात्र शिकवणाऱ्याचे कष्ट दिसायचे.

मास्तरांच्या लेखी स्केटिंग म्हणजे आकडे. बर्फावरच्या स्पर्धांत तेव्हा उड्या-गिरक्यांच्या आधी एक परीक्षा असायची. एका पायावर तोल सांभाळून बर्फावर वर्तुळ कोरायचं, त्याला दुसरं वर्तुळ जोडून इंग्रजी आठ पुरा करायचा, आणि त्याच रेघेवरून आणखी दोनदा जायचं. तीन वेळा जाऊन रेघ एकच दिसली पाहिजे. खेळणारा बाजूला झाला की परीक्षक वाकून, चालत जाऊन, ती रेघ तपासायचे. मास्तरांना उड्यांचं वर्णन ऐकायला आवडायचं, पण त्यांचा विश्वास होता तो या आठावर. “उडीले लोकं टाया वाजवतात,” ते म्हणायचे. “रेघेले कोनी वाजवत नाई. म्हनून रेघ नीट काढाची.”

आता सिमेंटवर रेघ उमटायची कशी? त्यांनी पावडरच्या रिकाम्या डब्यात रांगोळी भरली आणि डबा स्केटच्या मागं तारेनं बांधला. आम्ही निघालो की मागं बारीक पांढरी धार सांडत यायची. मास्तर स्टुलावर बसून, हातात वेताची छडी घेऊन, गळ्यात मफलर, ओरडत राहायचे. छडी आम्हाला कधी लागली नाही. ती फक्त हवेत आठ काढायची. आमच्या डोक्यांवर त्यांनी कानटोप्या चढवल्या होत्या. बाहेर ऊन नुसतं भाजत असायचं, टोपीतून घामाच्या धारा डोळ्यांत उतरायच्या, आणि मास्तर कळवळून सांगायचे, “थंडी वाजली पायजे! थंडी वाजल्याबिगर पाय हलका पडत नाई!” कमलला खरंच थंडी वाजायची असं ती म्हणायची. मला घामोळं आलं.

घरी हे कळलं तेव्हा बाबा ताट सोडून उठले. “पाय मोडला तं उद्या कोन बायको करन हिले?” त्यांचा सवाल होता. पुढच्या रविवारी आई मला ओढून न्यायला जिनात आली. पदर खोचलेला, चेहरा तापलेला. पण दारातच ती थांबली. समोर फरशीवर कमलचा आठ पडलेला होता.

“हे रांगोयी कोनं काढली?” तिनं विचारलं.

“कमलनं,” मास्तर म्हणाले.

“हातानं?”

“पायानं.”

आई खाली बसली. रेघेला न लावता बोट तिनं वरून वरून फिरवत नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं. “इथं दचकली हे,” ती म्हणाली. “इथून पुढं घाई केली.”

मास्तर स्टुलावरून उठून उभे राहिले. “बाई, हे तुमाले दिसलं?”

“दिसन नाई तं काय. रोज सकायी दारात तेच तं करते मी.”

त्या रविवारपासून आई आमची परीक्षक. मला न्यायला आलेली बाई दर आठवड्याला माझ्याआधी तयार होऊन बसू लागली. परदेशी रिवाजाप्रमाणं सहापैकी गुण द्यायचे, पाटीवर लिहून पाटी उंच धरायची, हे मास्तरांनी तिला शिकवलं. पोटची मुलगी म्हणून तिनं मला कधी साडेतीनच्या वर दिले नाहीत. कमलला पाच, सव्वापाच. एकदा साडेपाच दिले तेव्हा मास्तरांनी मफलरनं डोळे टिपले. बाबा एवढंच म्हणाले, “तूच परीक्षक झाली, आता मी कोनाले बोलू?”

अशी दोन वर्षं गेली. दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, वर्तमानपत्रात आलं, की नागपूरला चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची स्केटिंग स्पर्धा आहे. मास्तरांनी कात्रण कापलं, घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसातून दहा वेळा काढून वाचलं. प्रवेश अर्जावर त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं, ‘प्रकार: आठाचा आकडा, दोन्ही पायांनी.’ कमलच्या आईनं मुलीसाठी आपल्या जुन्या लुगड्याचं पोलकं आणि सलवार शिवून घेतली. आम्ही निघताना ती माझ्या आईला म्हणाली, “बाई, तिच्याबरोबर ऱ्हायजा. ते बोलाची नाई, पन तिले सगळं लागते.”

पहाटेच्या बसनं आम्ही चौघं निघालो आणि दुपारी नागपुरात उतरलो. स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. रात्र धर्मशाळेत काढली. सकाळी मैदानावर पोचलो तर डोळे दिपले. घोटून गुळगुळीत केलेली फरशी, कडेनं पताका, आणि मोठ्या शहरांतून आलेल्या मुली. त्यांच्या चाकांना बूट जोडलेलेच होते, पट्ट्या-बिट्ट्या काही नव्हत्या. मास्तरांनी मफलर सारखा केला आणि छातीवर बिल्ला लावलेल्या एका तरुणाकडं गेले.

“आकडे कधी लागतीन, साहेब?”

तो तरुण त्यांच्याकडं वरून खालपर्यंत पाहत म्हणाला, “काकाजी, इथं मटका नाही चालत. स्पर्धा आहे.”

“तेच म्हनतो मी. आठाचा आकडा.”

“आठ लागो की नऊ लागो, बाहेर विचारा.”

भोवतीची माणसं हसली. मास्तरांना कळलंच नाही का हसतात ते. त्यांनी खिशातून कात्रण काढलं, अर्जाची नक्कल काढली. मग एक वयस्कर गृहस्थ पुढं आले. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की इथं फक्त शर्यती आहेत. चार फेऱ्या, जो पुढं तो जिंकला. आकडे काढायची स्पर्धा आपल्याकडं कुणी घेत नाही. परदेशात असते म्हणतात.

मास्तर आमच्याकडं परत आले. त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता. “चाला,” ते म्हणाले. “वापस जाऊ.”

“काऊन, सर?” कमलनं विचारलं.

“नुसतं पयनं हाये इथं. पयनं तं कुत्रंबी पयते.”

आई काही बोलणार होती, पण तिच्या आधी कमल बोलली. “मले पयाचं हाये, सर.”

“आपुन पयनं शिकलो नाई.”

“मंग आज शिकते.”

“नाई म्हनलं ना!” मास्तर ओरडले. दोन वर्षांत ते आमच्यावर कितीदा तरी ओरडले होते, पण हे ओरडणं वेगळं होतं. कमलनं खाली पाहिलं नाही. ती खाली बसली आणि स्केटच्या पट्ट्या आवळू लागली. तिनं पट्टी शेवटच्या भोकापर्यंत ओढली. मास्तर उभे होते तसे वळले, मैदानाच्या बाहेर गेले आणि एका चिंचेखाली आमच्याकडं पाठ करून बसले.

मीही धावले. माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की माझी चाकं चुंचूं करत होती आणि मी शेवटची आले. कमल दुसऱ्या गटात होती. शिट्टी झाली तेव्हा इतर मुली झपाट्यानं सुटल्या आणि कमल जागेवरच होती. सुटायचं कसं हेच तिला माहीत नव्हतं. पहिली फेरी संपली तेव्हा ती सगळ्यात मागं. लोकांनी तिच्याकडं पाहणंही सोडून दिलं होतं. मग दुसऱ्या फेरीचं वळण आलं आणि तिला सूर सापडला. पुढच्या मुली वळणावर कमरेत ताठ व्हायच्या, वेग कमी करायच्या, हात हलवायच्या. कमल वेग कमी न करता एका पायावर कलली आणि वर्तुळ काढावं तशी वळणातून बाहेर आली. एक मुलगी मागं पडली. दुसऱ्या वळणावर आणखी एक. सरळ रस्त्यावर त्या पुन्हा पुढं जायच्या, वळणावर कमल त्यांना गाठायची. माझी आई, जिचा आवाज आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेर कधी गेला नव्हता, ती पदर डोक्यावरून घसरलेला असताना बाकावर उभी राहून ओरडत होती, “कल, पोरी, कल!”

कमल दुसरी आली. पहिली आलेली मुलगी वीतभर पुढं होती.

त्या वयस्कर गृहस्थांनी तिच्या हातात छोटा कप दिला आणि विचारलं, हे वळणं कोणी शिकवलं? कमलनं चिंचेकडं बोट दाखवलं. तिथून फक्त एक पाठ दिसत होती.

आम्ही तिघी तिकडं गेलो. मास्तरांनी कप पाहिला. कमलच्या गुडघ्यांकडं पाहिलं.

“पडली काय?”

“नाई.”

“बरं,” ते म्हणाले, आणि उठून बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले.

परतीच्या बसमध्ये अमरावती गेली तरी ते बोलले नाहीत. खिडकीतून बाहेर पाहत होते. ऊन कलायला लागलं होतं. कारंज्याला बस थांबली तेव्हा त्यांनी चार चहा आणले आणि आमच्यासमोर उभं राहून, ग्लास दोन्ही हातांनी धरून, बोलायला सुरुवात केली.

“माह्या गुडघ्यात लोखंड-बिखंड काही नाई,” ते म्हणाले. “लहानपनी बैलगाडीवरून पडलो होतो. हाड तेढं बसलं.”

कमलनं त्यांच्या डाव्या पायाकडं पाहिलं.

“आनं मी कधी बरफावर खेयलो नाई. आमा नौकरायले जाऊच देत नसत. साहेबायची पोरं दिवसभर खेयत. ते गेल्यावर, दिवस बुडता बुडता, आमी पाइप घेऊन जाओ आनं पानी मारो. सकायपर्यंत त्याचा नवा बरफ झाला पायजे. दिवसा आमाले मांगच्या शेडमधी बसाचा हुकूम होता. पोट्टे खेयतानी मी पाह्यलेच नाई. मले दिसे तं त्यायच्या रेघा.”

आईनं विचारलं, “मंग इतकं सगळं?”

“एक बारकी पोरगी होती. रोज एका कोपऱ्यात आठ काढे. पह्यले वाकडा काढे, मंग सुदरत गेला. मी तिचं तोंड कधी पाह्यलं नाई. पन रेघेवरून मले समजे, का आज घाईत गेली, आज तिले बरं नसन, आज जमलं. आनं रोज त्याच्यावर मीच पानी मारो. एक दिवस तिनं असा आठ काढला, का वाकून पाह्यलं तरी एकच रेघ दिसे. माह्याच्यानं पानी मारवलं नाई. सारं पटांगन भिजवलं, तेवढा कोपरा सोडला. सकायी साहेबानं पाह्यलं आनं दुपारी मले कामावरून काढलं.”

“आनं ते पोरगी?” कमलनं विचारलं.

“तिले काय मालूम? तिनं तो पाह्यला का नाई, हेबी मले मालूम नाई.” त्यांनी चहा प्यायला नव्हता, तो तसाच निवत होता. “आज तं पोरगी माह्या समोर होती. पाह्यली असती तं कोनी मले काढनार नोतं. आनं मी पाठ करून बसलो. माह्यं चुकलं वं, कमल.”

मोठ्या माणसानं, त्यातून मास्तरानं, आमच्या वयाच्या मुलीची अशी माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि नंतरही फारशी पाहिली नाही. कमलनं पिशवीतून कप काढला आणि त्यांच्या हातात दिला. मेहकर येईपर्यंत तो त्यांनी मांडीवर धरून ठेवला होता. उतरताना मात्र आठवणीनं तिला परत दिला, “तुह्या मायले दाखव,” म्हणाले.

मास्तर त्यानंतर चार-पाच वर्षांनी निवृत्त झाले आणि वरवट बकालला भावाकडं राहायला गेले. तिथंच ते वारले. मी तेव्हा अकोल्याला बँकेत लागले होते, मला पंधरा दिवसांनी कळलं. कमल एका खेड्यातल्या शाळेत खेळ शिकवते. तिच्या शाळेच्या मुली कबड्डीत जिल्ह्यात पुढं असतात. आम्ही भेटलो की मास्तरांच्या गोष्टी निघतात, मंदा निघते, प्रल्हाद निघतो, संत्री निघतात, आणि हसून हसून पुरेवाट होते. पण शेवटी आम्ही दोघी ज्या दिवसाशी येऊन थांबतो, तो नागपूरनंतरचा रविवार.

दिवाळी तोंडावर आली होती. आठवड्याभरात कापसाच्या गाड्या यायला लागणार, म्हणजे जिनातला तो वर्षातला शेवटचा रविवार. मास्तर नेहमीसारखे स्टुलावर येऊन बसले. कमलनं स्केट पायात घातले नाहीत. ती हातात घेऊन आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

“पाय पुढं करा, सर.”

“कायले?”

“करा तं.”

मास्तरांना कळलं. त्यांनी दोन्ही पाय झटकन स्टुलाखाली ओढून घेतले. “नाई नाई. माह्यं वय झालं आता. हाड तेढं हाये. लोकं काय म्हनतीन.”

आई पाटी बाजूला ठेवत म्हणाली, “मास्तर, आज आमी कोनालेच मार्क देत नाई.”

बराच वेळ गेला. मग एक पांढरा कॅनव्हासचा बूट पुढं आला. त्यामागून दुसरा. कमलनं पट्ट्या बांधल्या, बोट घालून तपासल्या, पुन्हा आवळल्या. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी दंड धरून त्यांना उभं केलं. उभे राहिले आणि लगेच बसले, फरशीवरच, धप्पकन. आम्ही घाबरलो. ते हसत होते. मास्तर हसले की असा मोठा आवाज येतो, हे तेव्हा कळलं. पुन्हा उठवलं. पुन्हा बसले. तिसऱ्यांदा पाय टिकले. आम्ही त्यांना धरून हळूहळू चालवत निघालो आणि ते दोन्ही मुठींनी आमच्या बाह्या आवळून ओरडत होते, “सोडू नोका बे! सोडसान तं पाहा!”

फरशीच्या मध्यावर आल्यावर त्यांची मूठ सैल झाली.

“सोडा,” ते म्हणाले.

कमलनं आधी सोडलं, मग मी. चाकं आपली आपण निघाली. फार नाही, वीस-पंचवीस हात असेल. ते काहीच करत नव्हते, नुसते उभे होते. गुडघे वाकलेले, दोन्ही हात बाजूला पसरलेले, तोंड उघडं. फरशी त्यांना घेऊन जात होती. आई उभी राहिली होती. पलीकडच्या भिंतीपाशी पोचल्यावर त्यांनी दोन्ही तळवे भिंतीला टेकले आणि कपाळही टेकलं, आणि तसेच राहिले.

“लागलं काय, सर?” कमलनं ओरडून विचारलं.

“नाई वं.” आवाज भिंतीकडून आला. “उभं राहू दे थोडं.”

आम्ही थांबलो. मग त्यांनी फक्त मान वळवून, भिंत न सोडता, आमच्याकडं पाहिलं.

“पोट्टेहो,” ते म्हणाले, “आता वापस कसं याचं, ते सांगा.”

आम्ही दोघी त्यांना आणायला धावलो.